शेजारचा नळदुर्ग

नळ-दमयंतीची कथा आपल्यापैकी प्रत्येकीने लहानपणी केव्हातरी ऐकलेली असते. हंसाने निरोप नेला, स्वयंवरात देवांनी नळाचे रूप घेतले, द्यूतात राज्य गेले आणि दमयंतीला रानात निजलेली सोडून नळ निघून गेला, हे सारे आजीच्या तोंडून ऐकताना डोळे भरून आले नाहीत अशी मुलगी विरळाच. त्या नळराजाने एक किल्ला वसवला व त्यावरून गावाला नळदुर्ग हे नाव पडले, असे त्या बाजूचे लोक सांगतात. कथा ती कथाच. इतिहासाच्या कसोटीला ती उतरायची नाही. पण किल्ला खरा आहे, आणि आपल्या घरापासून फार दूरही नाही. सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्याने बोरामणी, इटकळ ही गावे मागे टाकीत गेले की सुमारे पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरवर नळदुर्ग लागते. तुळजापूरला आपण वर्षातून एकदोनदा तरी जातोच, अक्कलकोट-गाणगापूरची वारी चुकत नाही, पंढरपूर तर ठरलेलेच. नळदुर्ग मात्र आपल्यातील कितीतरी जणींनी मोटारीच्या खिडकीतूनच पाहिलेला असतो. म्हणून मंडळाच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्या या शेजाऱ्याची थोडी ओळख करून द्यावी, असे मनात आले.

ही ओळख केवळ सहलीपुरती नाही. नळदुर्गाचा इतिहास आणि आपल्या सोलापूरचा इतिहास एकमेकांत असा गुंतला आहे की एक सांगू लागले तर दुसरा आपोआप निघतो. शिवाय या किल्ल्याची एक गोष्ट अशी आहे की ती आपण बायकांनी विशेष लक्ष देऊन पाहावी. किल्ला बांधला तो लढाईसाठी. लढाया संपल्या, तोफा थंडावल्या, बुरूज ओस पडले. पण त्याच किल्ल्यातील पाणी अडवणारा एक बांध चारशे वर्षांनंतरही दर पावसाळ्यात आपले काम करीतच आहे.

जागा आणि बांधणी

नळदुर्ग हे गाव तुळजापूर तालुक्यात, धाराशिव जिल्ह्यात आहे. (या जिल्ह्याचे नाव २०२३ पर्यंत उस्मानाबाद होते.) बालाघाटाच्या बाजूने येणारी बोरी नदी येथे एका काळ्या खडकाच्या पठाराला दोन बाजूंनी वळसा घालून जाते. त्या पठारावर किल्ला आहे. नदीकडील बाजूंना मूळचे सरळ तुटलेले कडे, आणि उरलेल्या बाजूला भक्कम तट व खंदक, अशी त्याची रचना आहे. निसर्गाने अर्धे काम करून ठेवले होते. माणसाने उरलेले पुरे केले. किल्ल्याला ११४ बुरूज असल्याचे सांगतात. नदीच्या पलीकडच्या काठावर याच किल्ल्याचा धाकटा भाऊ शोभावा असा एक कोट आहे. त्याला रणमंडळ म्हणतात. हे दोन्ही किल्ले ज्या बांधाने जोडले आहेत, तोच तो प्रसिद्ध बांध.

आत शिरल्यावर प्रथम डोळ्यांत भरतो तो उपळी बुरूज. हा तटात गुंतलेला नाही. मोकळ्या जागी एकटाच उंच उभा आहे. त्यावर चढून गेले की चारी दिशांचा मुलूख दिसतो, आणि हा किल्ला येथेच का बांधला हे कोणी समजावून सांगण्याची गरज उरत नाही. वर लांबलचक तोफा पडून आहेत. दुसरा पाहण्याजोगा बुरूज म्हणजे नवबुरूज. त्याचा घेर साधा गोल नसून नऊ पाकळ्यांचा आहे. याखेरीज जामा मशीद, बारादरी, धान्याचे अंबरखाने, राणीमहालाचे अवशेष असे पुष्कळ काही आहे. किल्ला म्हटला की आपल्याला तलवारी आठवतात. परंतु अंबरखाना पाहिला म्हणजे ध्यानात येते की येथे एक भले मोठे घरच चालत होते. शेकडो माणसांचे दळण-कांडण, पाणी-लाकूड, जनावरांचा चारा, आजारपणे, बाळंतपणे हे सारे या तटाच्या आत होत असणार. बखरी आणि तवारिखा त्याविषयी बोलत नाहीत. आपण मात्र ते मनात धरून हिंडावे.

लग्नात दिलेला किल्ला

हा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होता, पुढे बहामनी सुलतानांकडे गेला. बहामनी राज्य फुटल्यावर विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांच्या सीमेवर तो आला, आणि तेव्हापासून या प्रदेशाच्या नशिबी शांतता उरली नाही. भांडणाचे मूळ कशात होते? आपल्या सोलापूरच्या भुईकोटात! आणि ते भांडण सुरू झाले एका लग्नावरून.

१५२४ साली सोलापूर येथे विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण बीबी मरियम हिचे लग्न अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी झाले. या लग्नात सोलापूरचा किल्ला व त्याखालचा मुलूख आंदण द्यायचे ठरले होते, असे निजामशाहीचे म्हणणे. विजापूरकरांनी तो दिला नाही. लग्नाच्या मांडवातील फुले सुकली नाहीत तोच दोन्ही फौजा एकमेकींसमोर उभ्या राहिल्या, आणि हे वैर पुढे चाळीस वर्षे धुमसत राहिले. बोलणी करणाऱ्यांनी तोंडी शब्दांवर काम भागवले म्हणजे काय होते, ते आपल्याकडच्या लग्नांतूनही आपण पाहतोच. फरक इतकाच की येथे रुसवाफुगवा न होता माणसे मेली. त्या मरियमचे पुढे काय झाले असेल? माहेर आणि सासर यांच्यामध्ये चाळीस वर्षे तलवार उपसलेली, आणि कारण काय, तर आपलेच लग्न!

हे वैर मिटले तेही लग्नानेच. विजयनगरविरुद्ध एकत्र येण्याची गरज पडली, तेव्हा हुसेन निजामशहाने आपली मुलगी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि तिच्या आंदणात सोलापूरचा किल्ला परत विजापूरकडे गेला. उलट अली आदिलशहाची बहीण निजामशहाच्या घराण्यात गेली. आपण ज्याला साटेलोटे म्हणतो, तेच हे. त्यानंतर लवकरच, जानेवारी १५६५ मध्ये, राक्षस-तागडीची लढाई झाली आणि विजयनगरचे वैभव लयास गेले. जिच्या पावलांबरोबर सोलापूरचा किल्ला विजापूरला गेला, ती मुलगी म्हणजे इतिहासप्रसिद्ध चांदबीबी. नव्या पेठेतून आपण चालत जाऊ शकतो त्या भुईकोटाचा संबंध चांदबीबीच्या लग्नाशी आहे, हे आपल्यातील किती जणींना ठाऊक असेल?

अली आदिलशहाच्याच कारकिर्दीत (१५५८ ते १५८०) सरहद्द पक्की करण्यासाठी नळदुर्गाचा किल्ला मजबूत दगडी बांधला गेला आणि त्याला शहादुर्ग असे नाव मिळाले. लोकांनी मात्र आपला नळराजा सोडला नाही. शहादुर्ग हे नाव कागदांतच राहिले.

१५८० मध्ये अली आदिलशहाचा खून झाला. त्याला मूल नव्हते. गादीवर त्याचा पुतण्या इब्राहिम बसला, तो अवघा नऊ-दहा वर्षांचा. त्याच्या वतीने कारभार पाहायला उभी राहिली ती विधवा चांदबीबी. राज्याचा धनी पोरवयाचा, दरबारात सरदारांची भांडणे. हे पाहून अहमदनगर आणि गोवळकोंडा या दोघांच्या फौजा चालून आल्या आणि त्यांनी नळदुर्गाला वेढा घातला. अहमदनगर म्हणजे चांदबीबीचे माहेर! माहेरची फौज सासरच्या किल्ल्याशी लढत होती. किल्ला पडला नाही. शत्रूला वेढा उठवून जावे लागले. चांदबीबी म्हटली की आपल्याला १५९५-९६ सालचा अहमदनगरचा वेढा आणि मोगलांपुढे तटाच्या खिंडारात उभी राहिलेली वीरांगना आठवते. पण त्याच्या पंधरा वर्षे आधी, आपल्या या सोलापूर-विजापूरच्या मुलखात, एका पोरक्या मुलाचे राज्य तिने राखले होते, हेही विसरता कामा नये.

पाण्याच्या पोटातील महाल

तो पोरका मुलगा पुढे मोठा होऊन इब्राहिम आदिलशहा दुसरा म्हणून नावाजला. संगीताचा मोठा दर्दी. त्याच्या ‘किताब-ए-नवरस’ या ग्रंथात सरस्वतीचे स्तवन आहे, आणि ‘जगद्‌गुरू’ अशी त्याची ख्याती होती. त्याच्याच काळात, १६१३ साली, नळदुर्गाजवळ बोरी नदीवर दगडी बांध उभा राहिला आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला. बांधणाऱ्याचे नाव मीर मुहम्मद इमादीन. तेथे फारसी शिलालेख आहे. हे काम पाहून मित्रांचे डोळे निवतील आणि शत्रूच्या डोळ्यांपुढे अंधारी येईल, अशा आशयाचा त्यात मजकूर आहे.

हे काम आहे तरी कसे? नदीच्या पात्रात आडवी, जाडजूड, काळ्या घडीव दगडांची भिंत घातली आहे. भिंतीमागे पाणी साठते. त्यामुळे दोन कामे साधतात : किल्ल्यातील लोकांना वर्षभर पाणी मिळते, आणि कड्याच्या पायथ्याशी पाणी उभे राहिल्याने त्या बाजूने शत्रूला येता येत नाही. भिंतीच्या माथ्यावरून किल्ल्यातून रणमंडळात जायची वाट आहे. येथवर कोणीही शहाणा कारागीर करील तेवढेच झाले. पुढची करामत मात्र वेगळी. भिंतीच्या माथ्यावरून जिना आत उतरतो, आणि धरणाच्या पोटात, पाण्याच्या भाराखाली, आपण एका देखण्या दालनात येऊन उभे राहतो. कमानी आहेत, नक्षी आहे, आणि पाण्याच्या उलट बाजूला, म्हणजे नदी जिकडे वाहत जाते तिकडे, खिडक्या आहेत.

पावसाळ्यात बांध भरून वाहू लागला म्हणजे जादा पाणी भिंतीवरील दोन ठरावीक वाटांनी खाली झेपावते. या दोन धारांना लोकांनी नावे दिली आहेत ‘नर’ आणि ‘मादी’. त्या वेळी खिडकीत उभे राहिले तर पाठीमागे अडवलेली नदी, डोक्यावर नदी आणि डोळ्यांसमोर कोसळणारी नदी, असा देखावा दिसतो. पण पाण्याचा लोट काही दालनात शिरत नाही. पाणी कोठून सोडायचे, किती पुढे टाकायचे, भिंतीची जाडी कोठे किती ठेवायची, याचा हिशेब चुकला असता तर महाल राहो, बांधच पहिल्या पुरात वाहून गेला असता.

आम्ही काही जणी थंडीच्या दिवसांत तेथे गेलो होतो. धबधबा अर्थातच नव्हता. दालनात आमच्याखेरीज कोणी नव्हते. बाहेर पारव्यांचा आवाज तेवढा येत होता. आमच्यातील एक वयस्कर बाई बराच वेळ भिंतीवर हात ठेवून उभ्या होत्या. मग त्या म्हणाल्या, “आमच्या न्हाणीघराची भिंत चार वर्षांत ओल धरते. ही चारशे वर्षं नदी पाठीवर घेऊन उभी आहे, आणि हिच्या बांधणाऱ्याचं नाव आपल्या मुलांच्या पुस्तकात नाही!” यावर काय बोलायचे? लढाया करणाऱ्यांची नावे मुलांकडून आपण पाठ करून घेतो. मीर इमादीनचे नाव कोणी घेत नाही.

आपण सोलापूरकर बायकांना तरी पाण्याची किंमत कोणी सांगायला नको. हा अवर्षणाचा मुलूख. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात येथे तलाव खोदविला, तो पुण्यकर्म म्हणूनच लोकांनी मानला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बायका आपल्या ओळखीपाळखीत आहेत. उजनी भरलेली असूनही चार-चार, पाच-पाच दिवसांआड नळाला पाणी आले, घरातली हंडे-पिंपे भरण्यासाठी रात्री-अपरात्री उठावे लागले, ती वर्षेही आपणच काढली आहेत. म्हणून पाणीमहालाकडे केवळ राजेलोकांची चैन म्हणून पाहू नये. चैन होतीच, नाही कशाला म्हणा? पण ती एका उपयोगी कामाच्या अंगावर बसविलेली चैन होती. बांध आधी, महाल मागून. म्हणूनच राजे गेले तरी बांध राहिला.

सत्ता बदलत गेल्या

१६८६ मध्ये विजापूर पडले आणि नळदुर्ग मोगलांकडे गेला; पुढे हैदराबादच्या निजामाकडे. १८५३ मध्ये निजामाने कर्जाच्या फेडीसाठी काही मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, त्यात हा जिल्हाही होता. त्याचा कारभारी म्हणून आलेला साहेब म्हणजे फिलिप मेडोज टेलर, ‘ठगाची जबानी’ म्हणून आपल्याला ऐकून माहीत असलेल्या कादंबरीचा लेखक. १८५३ ते १८५७ तो नळदुर्गात होता, किल्ल्यातच राहत असे. आपल्या आत्मचरित्रात त्याने या कड्यांचे, नदीचे आणि बांधाचे मन लावून वर्णन केले आहे. १८६३ मध्ये निघालेल्या त्याच्या ‘तारा’ या कादंबरीची नायिका तुळजापूरची एक बालविधवा आहे. साता समुद्रांपलीकडून आलेल्या माणसाला आपल्या तुळजापूर-नळदुर्गात कादंबरी सापडली. आपल्याला मात्र एस. टी.च्या थांब्यावरचा चहा तेवढा सापडतो. १८६० मध्ये हा मुलूख पुन्हा निजामाकडे गेला. नळदुर्ग हे तेव्हा जिल्ह्याचे नाव होते. पुढे तो मान धाराशिवाकडे गेला, गाव लहान झाले आणि किल्ला ओस पडला.

या किल्ल्याच्या परिसरात अखेरची लढाई झाली ती मात्र आपल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीतील. देश स्वतंत्र झाला तरी निजाम हिंदुस्थानात सामील होईना. सोलापूर इकडे, नळदुर्ग तिकडे, आणि मध्ये सरहद्द. रझाकारांच्या जाचाने त्या बाजूची कितीतरी कुटुंबे सोलापूरच्या आश्रयाला आली होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या अधिपत्याखाली भारतीय फौज सोलापूरहून निघाली. पहिली चकमक झाली ती नळदुर्गलाच. हमरस्त्यावरचा बोरी नदीचा पूल शत्रूने उडवून देण्याआधी हस्तगत करायचा होता. तो साबूत हाती आला आणि हैदराबादची वाट मोकळी झाली. या दिवशी नळदुर्गाजवळ शीख पलटणीचा हवालदार बचित्तरसिंग धारातीर्थी पडला. अशोकचक्राच्या पहिल्या मानकऱ्यांत त्याचे नाव आहे. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. चारशे वर्षे जी सरहद्द या किल्ल्याच्या कपाळी लिहिली होती, ती त्या आठवड्यात पुसली गेली. आज आपण सकाळी निघून दुपारी तेथे डबा उघडतो, मध्ये कोणी अडवत नाही, याची किंमत अशी मोजली गेली आहे.

दोन गावांचा एक देव

नळदुर्गाचे नाव घेतले आणि खंडोबा राहिला, असे कसे होईल? नळदुर्गच्या मैलारपूरचा आणि शेजारच्या अणदूरचा खंडोबा एकच. मूर्ती वर्षातील दहा-सवादहा महिने अणदूरला असते आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. पौष पौर्णिमेला नळदुर्गला मोठी यात्रा भरते. देव एका गावाहून दुसऱ्या गावी निघताना दोन्हीकडच्या मानकऱ्यांत रीतसर लेखी करार होतो. दोन सुलतानांना मिळून एक किल्ला वाटून घेता आला नाही, त्यासाठी चाळीस वर्षे रक्त सांडले. त्याच मातीतील दोन गावे एक देव पिढ्यान्‌पिढ्या वाटून घेत आली आहेत. तोंडी शब्दांवर न राहता करार लिहून ठेवतात, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे!

डागडुजी आणि जपानातील दाखला

पुष्कळ वर्षे नळदुर्गाचा किल्ला काटेरी झुडपांत हरवला होता. वाटा बुजल्या होत्या, बुरुजांवर झाडे उगवली होती. किल्ला राज्याचे संरक्षित स्मारक असला तरी पाहरा थोडा आणि पसारा मोठा. २०१४ मध्ये राज्य शासनाच्या स्मारक-संगोपनाच्या योजनेखाली तो देखभालीसाठी सोलापुरातील एका खासगी कंपनीकडे दहा वर्षांसाठी सोपविण्यात आला. झुडपे निघाली, वाटा मोकळ्या झाल्या, हिरवळ आली, पाण्यात होड्या आल्या. ज्या जागी बायका-मुलांना घेऊन जायला मन धजत नसे, तेथे कुटुंबे जाऊ लागली. हे चांगले झाले, यात शंका नाही.

पण जीर्णोद्धार म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मागे उरतोच. जगात हा प्रश्न पुष्कळांना पडला आहे. जपानचेच पाहा. तेथील किल्ले लाकडाचे. १८७३ मध्ये तेथील नव्या सरकारने जुने किल्ले मोडीत काढण्याचा हुकूम काढला. शेकडो किल्ले पाडले, विकले गेले; मूळचे मुख्य मनोरे आज अवघे बारा शिल्लक आहेत. मात्सुमोतोचा किल्ला तर लिलावात गेला होता. तेव्हा इचिकावा रियोझो नावाच्या गावच्याच गृहस्थाने किल्ल्यात प्रदर्शने भरविली, पैसा गोळा केला आणि तो सोडवून घेतला. पुढे कोबायाशी उनारी या शाळेच्या मुख्याध्यापकाने लोकांकडून निधी जमवून त्याची दुरुस्ती करवली. ओसाकाचा मनोरा १९३१ मध्ये सिमेंट-काँक्रीटचा नवा बांधला. हिमेजीच्या किल्ल्याचे मात्र १९५६ ते १९६४ या काळात लाकूड अन्‌ लाकूड सोडवून, कुजलेले तेवढे बदलून, पुन्हा जसेच्या तसे उभे केले. हिमेजीचा मुख्य मनोरा १६०९ चा, म्हणजे आपल्या पाणीमहालाहून अवघ्या चार वर्षांनी वडील! मौज अशी की तेथील एक भाग सेनहिमे नावाच्या राजकन्येच्या हुंड्यातून बांधला गेला. सोलापूर काय आणि हिमेजी काय, किल्ल्यांच्या दगडा-लाकडांत बायकांचे आंदण सगळीकडे मुरलेले आहे.

या दाखल्यातून घ्यायचे ते एवढेच. वास्तू टिकते ती सरकारी पाटीने टिकत नाही, गावातील कोणीतरी ती आपली मानते म्हणून टिकते. आणि नवे करून टाकणे म्हणजे जपणे नव्हे. आजीच्या पैठणीला रफू करायचे असते. तिच्यावर नवे कापड चिकटवायचे नसते. नळदुर्गात हिरवळ आली, दिवे आले, तर येऊ देत. पण जुन्या दगडावर सिमेंटचा थर चढू नये, शिलालेख वाचता यावेत, मीर इमादीन कोण आणि चांदबीबी कोण हे मुलांना कळावे असे मराठीत लिहिलेले काही तेथे असावे, ही मागणी आपण करायला हवी. शिवाय पाणीमहालाच्या भिंतीवर खिळ्याने आपली व आपल्या प्रिय व्यक्तीची नावे कोरणारे तरुण कोणा सुलतानाच्या घरातून आलेले नसतात. ती आपल्याच घरची मुले. त्यांना समजावणे हे काम कोणत्याही कंपनीचे नव्हे, आपले आहे.

जायचे झाले तर

नर-मादी पाहायचे असतील तर जुलैअखेरपासून सप्टेंबरपर्यंतचा काळ. तोही नदीवर वरच्या बाजूला अलीकडच्या काळात झालेले बोरी धरण भरून वाहू लागल्यावर. काही वर्षी ते भरतच नाही, तेव्हा आधी चौकशी करून निघावे. त्या दिवसांत गर्दी फार असते. शांतपणे किल्ला पाहायचा असेल तर थंडीतील आडवार बरा. धबधबा आणि शांतता ही दोन्ही सुखे एकाच दिवशी मागू नयेत. सकाळी लवकर निघावे. उपळी बुरूज उन्हाआधी चढून घ्यावा, मग नवबुरूज, आणि दुपारच्या उन्हात पाणीमहालाच्या गारव्याला बसावे. पायांत घट्ट वहाणा, डोक्याला पदर किंवा छत्री, जवळ प्यायचे पाणी. कड्याच्या व बांधाच्या कडेला मुलांचा हात सोडू नये. कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही बरोबर असले म्हणजे जेवणाची चिंता नाही. कागद आणि पिशव्या मात्र ज्या नेल्या त्या परत आणाव्यात.

आणि परत आल्यावर एक करावे. संध्याकाळी वेळ काढून आपल्या भुईकोटाकडे एक फेरी मारावी. मरियमच्या लग्नात कबूल करूनही न दिलेला आणि चांदबीबीच्या लग्नात देऊन टाकलेला तो किल्ला आपल्या दाराशी उभा आहे. त्याच्या खंदकाकडे, तटाकडे आपण एरवी बाजाराची पिशवी सावरीत न पाहताच जातो. नळदुर्ग पाहून आल्यावर तो वेगळा दिसेल. मंडळाच्या पुढच्या वर्षाच्या कार्यक्रमांत हळदीकुंकू, पाककृती-स्पर्धा यांच्या जोडीला या दोन किल्ल्यांची एक फेरी घालावी, आणि बरोबर शाळेत जाणाऱ्या नातवंडांनाही न्यावे, अशी माझी सर्व भगिनींना आग्रहाची विनंती आहे.